असॅसिन्स क्रीड: हिडन ब्लेडच्या एका घावापासून आरपीजीपर्यंत ही मालिका नेमकी कधी वळली?

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

पुण्यात इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवरच्या मित्राच्या संगणकावर मी ‘असॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेम मालिकेचा पहिला भाग खेळलो आणि तेव्हापासून २०१३ च्या ‘ब्लॅक फ्लॅग’पर्यंत या मालिकेचा एकही मुख्य भाग सोडला नाही. पुढे नोकरी, बदल्या आणि संसार यांत खेळणे मागे पडले. यंदा दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाने त्याचा जुना कन्सोल मला दिला आणि त्यावर मी २०१७ सालचा ‘ओरिजिन्स’ सुरू केला. इजिप्तचे वाळवंट, सिवाच्या मरूद्यानातील खजुरीच्या बागा आणि डोक्यावर घिरट्या घालणारी सेनू ही गरुडीण पाहून मी पहिल्या तासातच हरखून गेलो. त्यानंतर जे घडले त्याने मात्र मी अजून गोंधळलेलो आहे.

एका छावणीत शिरण्यासाठी मी उंच गवतात बसून बराच वेळ पहारेकऱ्यांच्या फेऱ्या मोजल्या. छावणीचा नायक (पहारेकऱ्यांचा प्रमुख) माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, तेव्हा पाऊल न वाजवता त्याच्यामागे गेलो आणि हिडन ब्लेड, म्हणजे मनगटावर लपवलेले पाते, चालवले. पाते लागले, रक्त उडाले, आणि त्याच्या डोक्यावरची आयुष्याची पट्टी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने कमी झाली. तो वळला आणि दोन घावांत त्याने मला लोळवले. त्याच्या डोक्यावर लाल कवटीचे चिन्ह होते, म्हणजे त्याची लेव्हल (ताकदीची पायरी) माझ्याहून फार वरची होती, हे मला नंतर भावाने सांगितले.

मी शिकलो होतो तो खेळ असा नव्हता. आपण नीट पाळत ठेवली, योग्य क्षण साधला की समोरचा माणूस कितीही बलाढ्य असो, एका घावात संपतो, हाच त्या खेळाचा करार होता. हा करार कधी मोडला, हे मला समजून घ्यायचे आहे. ‘ओरिजिन्स’मध्ये एकदम वळण घेतले गेले की मी खेळत असलेल्या जुन्या भागांतच त्याची बीजे होती आणि ती मला तेव्हा दिसली नाहीत? हे का केले गेले असावे, आणि पुढच्या भागांत जुन्याचे काही शिल्लक आहे का, हेही जाणकारांनी सांगावे. कोणता भाग चांगला आणि कोणता वाईट या वादात मला रस नाही.

---

गवाक्ष

उंबरठा, तुमचा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवतो. माझ्या मते वळण ‘ओरिजिन्स’मध्येच आले आणि ते लेव्हलमुळे नव्हे, तर हाणामारीच्या घडणीमुळे आले. लेव्हल त्यामागून आल्या.

जुन्या भागांतील लढाई आठवून पाहा. शत्रूचा वार येताना आपण बटण दाबले की दोन्ही पात्रे एकाच ठरलेल्या हालचालीत बांधली जात असत. पहिल्या भागाचा नायक अल्ताइर समोरच्याचा हात पिरगाळतो, वळतो, तलवार खुपसतो, हे सगळे मिळून एकच जोडचलन असे आणि बटण योग्य वेळी दाबले गेले, त्याच क्षणी निकाल लागलेला असे. उरलेले शत्रू बहुधा आपली पाळी येईपर्यंत थांबून राहत. ते दिसायला अतिशय देखणे होते, कारण प्रत्येक घाव नृत्यासारखा आधीच बसवलेला होता. हिडन ब्लेडने केलेली हत्या हे त्याच पद्धतीचे सर्वांत शुद्ध रूप होते. एक बटण दाबायचे आणि एक मृत्यू घडायचा, यांच्यामध्ये काहीही नसे.

‘ओरिजिन्स’ने ही जोडचलने बाजूला सारली. आता तुमच्या हातातील शस्त्राची स्वतःची लांबी आहे, ते हवेत ज्या वाटेने फिरते त्या वाटेत शत्रूचे शरीर असेल तर लागते, नसेल तर चुकते. भाला लांबून पोचतो, जोडतलवारी भराभर चालतात, जड गदा उशिरा पण जोरात बसते. हल्ल्याची बटणे पुढून काढून कन्सोलच्या कंट्रोलरच्या खांद्यावर नेली, ती ढाल आणि अंतर सांभाळून लढता यावे म्हणूनच. एकदा शस्त्राचा स्पर्श हीच लढाईची मूळ घटना ठरली, की प्रत्येक स्पर्शाने किती इजा होते हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर आकड्यातच द्यावे लागते. आकडा आला की तो वाढवण्याची सोय येते, वाढवण्याची सोय आली की लेव्हल येतात, आणि शेवटी हिडन ब्लेडलाही आकडा चिकटतो. तुमच्या छावणीतल्या नायकाला वाचवले ते याच आकड्याने. साहित्य गोळा करून तुम्ही ते पाते सुधारत नेलेत, तर तोच घाव पुढे पुरेसा ठरेल.

मला खरी हळहळ वेगळ्या गोष्टीची वाटते. तुम्ही खेळात थोडे पुढे गेलात की अलेक्झांड्रियाच्या स्नानगृहातील प्रसंग येईल. कथेचा थोडा उलगडा होईल, याबद्दल आधीच क्षमा मागतो. तिथे ‘ओरिजिन्स’चा नायक बायेक युडोरोस या शत्रूला मारताना त्याच्या स्वतःच्याच पात्याने त्याची अनामिका तुटते. पहिल्या भागात अल्ताइरच्या हाताला ते बोट का नाही आणि दुसऱ्या भागात लिओनार्दो दा विंची त्या भागाचा नायक एझिओ याला बोट कापण्याची आता गरज नाही असे का सांगतो, याचे मूळ त्या एका अपघातात आहे. मारेकऱ्यांच्या पंथाच्या त्या खुणेचा जन्म ज्या खेळात दाखवला, त्याच खेळात त्या पात्याची खात्री काढून घेतली गेली. मी निर्मात्यांच्या जागी असतो तर तलवार, धनुष्य, गदा या सगळ्यांना आकडे दिले असते आणि हिडन ब्लेड तेवढे त्यातून वगळले असते.

---

तांडेल

गवाक्ष यांनी हाणामारीविषयी जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, परंतु ‘वळण २०१७ मध्ये आले’ या निष्कर्षाशी मी सहमत नाही. ज्याला आपण आरपीजी, म्हणजे भूमिकाप्रधान खेळ, म्हणतो त्याचा गाभा आकड्यांत नसून वाढीत आहे. मी आज जे करू शकत नाही ते उद्या करू शकेन आणि त्यासाठी मला काय मिळवावे लागेल हे मी ठरवीन, ही भावना म्हणजे आरपीजी. ती या मालिकेत पहिल्या दिवसापासून होती. वर्षागणिक ती फक्त आपली जागा बदलत गेली.

२००७ च्या पहिल्या भागाची सुरुवात आठवा. जेरुसलेममध्ये उतावीळपणा केल्याबद्दल पंथाचा प्रमुख अल मुआलिम अल्ताइरची पदवी आणि शस्त्रे काढून घेतो आणि त्याला पार तळाशी उतरवतो. त्यानंतरच्या नऊ हत्यांमागे एकेक पायरी चढत त्याला ती सामग्री परत मिळते. ही लेव्हलच होती. ती कथेत इतकी मिसळलेली होती की आपण तिला लेव्हल म्हटले नाही. दुसऱ्या भागात, म्हणजे २००९ मध्ये, वाढ घराकडे गेली. एझिओच्या मॉन्टेरिज्जोनी या गावातील पडकी दुकाने पैसे घालून दुरुस्त करायची, त्यांच्या उत्पन्नातून चिलखत आणि तलवारी घ्यायच्या आणि कोडेक्स या जुन्या हस्तलिखिताची ३० पाने शोधून आयुष्याची पट्टी लांबवायची. शस्त्रांना तेव्हाच वेग, इजा आणि बचाव यांची मापे होती. पुढच्या ‘ब्रदरहुड’ या भागात ही वाढ शिष्यांकडे गेली. रोममध्ये वाचवलेल्या नागरिकांना आपण पंथात घेत असू आणि युरोपभरच्या कामगिऱ्यांवर पाठवून त्यांना अनुभव मिळवून देत असू. अशा कामगिरीवर गेलेला शिष्य मेला तर तो कायमचा गेला. मला एका मुलीला थेट वरच्या पदवीपर्यंत नेल्यावर गमावल्याचे अजून आठवते, आणि त्या संध्याकाळी मी खेळ तिथेच बंद केला होता.

आता ‘ब्लॅक फ्लॅग’कडे येतो, कारण तुम्ही तो खेळला आहात आणि तरीही तुम्हाला बीज दिसले नाही असे म्हणता. माझे ठाम मत आहे की या मालिकेतील पहिला खरा आरपीजी नायक एडवर्ड केनवे नसून त्याचे ‘जॅकडॉ’ हे जहाज होते. दुर्बीण डोळ्याला लावली की समोरच्या गलबताची लेव्हल दिसे, त्यावर किती साखर, किती रम, किती लोखंड, लाकूड आणि कापड आहे तेही दिसे. मग मनात हिशेब सुरू होई. रम आणि साखर विकून पैसे मिळतील, लोखंड आणि लाकूड तळाच्या मजबुतीला लागेल, बाजूच्या तोफा वाढवाव्यात की उखळी तोफा घ्याव्यात. सुरुवातीला मोठी युद्धनौका क्षितिजावर दिसली की आपण शिडे वळवून पळ काढत असू, आणि वीस तासांनी त्याच जहाजाला आपण होऊन शोधायला निघत असू. तुमच्या छावणीतली लाल कवटी आणि ती युद्धनौका यांत मला तत्त्वतः काहीही फरक दिसत नाही. फरक इतकाच, की समुद्रावर आपण ते आनंदाने स्वीकारले. जहाज हळूहळू बळकट होते हे मनाला पटते, तर गळ्यात पाते घुसूनही माणूस जिवंत राहतो हे पटत नाही.

हा संबंध मी ओढूनताणून जोडलेला नाही. ‘ब्लॅक फ्लॅग’चे गेम डिरेक्टर अश्रफ इस्माइल हेच पुढे ‘ओरिजिन्स’चेही गेम डिरेक्टर होते आणि मॉन्ट्रियलच्या त्या चमूतील बरेच लोक एका खेळातून दुसऱ्यात गेले. खुल्या समुद्रावर जी रचना त्यांना साधली ती त्यांनी वाळवंटात उतरवली, असे मी समजतो.

---

रात्रपाळी

‘का’ या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण वरील दोन्ही प्रतिसाद ‘कसे’ याभोवती आहेत.

२००९ पासून २०१५ पर्यंत दरवर्षी एक मुख्य भाग येत होता. २०१४ च्या ‘युनिटी’ने फ्रेंच राज्यक्रांतीतील पॅरिस आणि नोत्र दाम अभूतपूर्व बारकाव्याने उभे केले, रस्त्यांवर प्रचंड गर्दी आणली, परंतु प्रकाशनाच्या वेळी त्यात इतके तांत्रिक दोष होते की निर्मात्या कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि ‘डेड किंग्ज’ हा पुढचा जोडभाग सर्वांना विनामूल्य द्यावा लागला. २०१५ च्या ‘सिंडिकेट’मधील १८६८ चे लंडन पुष्कळ नीटनेटके होते, तरी मालिकेविषयीची उत्सुकता ओसरली होती. २०१६ मध्ये एकही मुख्य भाग आला नाही. त्यामुळे ‘ओरिजिन्स’च्या चमूला ‘ब्लॅक फ्लॅग’नंतर जवळजवळ चार वर्षे मिळाली आणि पाया बदलण्याइतका अवकाश या मालिकेत क्वचितच कोणाला मिळाला होता. दरम्यान २०१५ मध्ये ‘द विचर ३’ हा दुसरा आरपीजी खेळ आला होता आणि खुल्या जगातील उपकथाही मुख्य कथेइतक्या जीव ओतून लिहिता येतात, हे खेळणाऱ्यांनी पाहिले होते. त्यानंतर नकाशावर झेंडे आणि पेट्या विखरून ठेवण्यावर कोणाचे समाधान होणे शक्य नव्हते.

तांडेल यांच्या यादीत दोन भर घालतो. ‘युनिटी’त चिलखताच्या प्रत्येक तुकड्याला मापे होती आणि कामगिऱ्यांपुढे कठीणपणा दाखवणारी चौकटीची चिन्हे होती. ‘सिंडिकेट’मध्ये तर लंडनच्या भागांना आणि गुंडांना उघड लेव्हल होत्या. म्हणजे ‘ओरिजिन्स’च्या दारापर्यंत मालिका आधीच येऊन पोचलेली होती.

धंद्याची बाजूही नोंदवायला हवी. जितका खेळ लांब, तितका खेळणारा त्यात अधिक दिवस राहतो आणि तितके त्याला आणखी काही विकता येते. २०१८ च्या ‘ओडिसी’त अनुभवाचे गुण ५० टक्के अधिक वेगाने मिळावेत यासाठीचा कायमचा जोड खऱ्या पैशांत विकला जात होता. मी त्याविना खेळ पूर्ण केला आणि तो पूर्ण करता येतो, तरीही लेव्हलची चढण नेमकी किती उभी ठेवायची हे ठरवताना तो जोड कोणाच्या मनात नव्हताच, असे मानणे मला जड जाते.

---

बखरवाचक

या धाग्यावर यंत्रणेची चर्चा उत्तम झाली आहे, परंतु एक गोष्ट राहून गेली असे वाटते आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी आहे. या मालिकेची कल्पना अशी होती की आपण इतिहासातील माणूस नसतो. आपण ॲनिमस या पूर्वजांच्या स्मृती दाखवणाऱ्या यंत्रात पडून त्याच्या स्मृती जगणारा वंशज असतो. स्मृती घडून गेलेल्या असतात, त्या बदलता येत नाहीत.

पहिल्या भागात हे तत्त्व किती काटेकोर होते ते पाहा. आपल्या आयुष्याच्या पट्टीला तिथे आयुष्य म्हटलेलेच नव्हते, ती ‘सिंक्रोनायझेशन’ची पट्टी होती. आपण अल्ताइरच्या स्मृतीशी किती जुळून आहोत, याचे ते माप होते. दमास्कसच्या बाजारात एखाद्या निरपराध माणसाला मारले, की अल्ताइरने नागरिकांची हत्या केली नव्हती, असे पडद्यावर उमटे आणि ती पट्टी घसरत असे. मी तेव्हा महाविद्यालयात इतिहास शिकत होतो आणि हे वाचून थक्क झालो होतो. खेळातील मृत्यूची इतकी विचारपूर्वक केलेली व्याख्या मी तोपर्यंत पाहिली नव्हती. शिक्षा होत होती ती इतिहासाशी विसंगत वागल्याबद्दल. तुम्ही ज्याला करार म्हणता, उंबरठा, त्याच्या खाली हा दुसरा करार होता.

भूमिकाप्रधान खेळाचे तत्त्व याच्या अगदी उलट आहे. तिथे माणूस कसा वागला हे खेळणारा ठरवतो. ‘ओरिजिन्स’ने हा संघर्ष टाळला, कारण बायेकची कथा ठरलेली होती. मुलाचा मृत्यू, त्याचा सूड आणि पत्नी आयाशी दुरावत गेलेले नाते यांत आपल्याला निवड नव्हती, आणि म्हणूनच ती कथा मला आजही या मालिकेतील सर्वांत हृद्य वाटते. ‘ओडिसी’ने मात्र सरळ उडी घेतली. इसवी सन पूर्व ४३१ चे पेलोपोनेशियन युद्ध, स्पार्टा आणि अथेन्स, आणि नायक म्हणून कसांड्रा घ्यायची की अलेक्सिओस, ही पहिलीच निवड आपली. पुढे संवादांतील निवडी, प्रेमसंबंध आणि वेगवेगळे शेवट. नागरिक मारले तर आपल्या डोक्यावर इनाम लागते आणि भाडोत्री योद्धे मागे लागतात. स्मृती तुटण्याची ती जुनी शिक्षा तिथे उरलेली नाही. हा खेळ मी अत्यंत आवडीने खेळलो आणि कसांड्रासारखी नायिका मिळाल्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु ज्या जगात स्मृती माझ्या इच्छेनुसार बदलतात, त्याला मी ॲनिमस म्हणू शकत नाही.

या विसंगतीची किंमत जानेवारी २०१९ मध्ये उघड दिसली. ‘शॅडो हेरिटेज’ या जोडभागात, खेळणाऱ्याने शंभर तासांत आपले पात्र कसेही घडवलेले असो, त्याला एका विशिष्ट जोडीदाराबरोबर संसारात नेले जाई आणि मूल होत असे, कारण पुढच्या वंशासाठी कथेला ते मूल हवे होते. समलिंगी नायक किंवा नायिका म्हणून खेळलेल्यांना आपली निवड पुसली गेल्याचे तीव्र दुःख झाले, आणि ते रास्त होते. निर्मात्यांनी क्षमा मागून तो प्रसंग बदलला. मला त्या प्रकरणात दोन तत्त्वांची टक्कर दिसते. जुने तत्त्व वंशाचे होते आणि नव्याने निवडीचे वचन दिले होते. दोन्ही वचने एकाच वेळी पाळणे शक्य नव्हते.

जागेविषयीही दोन शब्द लिहितो. आरंभीचे भाग शहरांचे होते. दमास्कस, फ्लॉरेन्स, व्हेनिस, रोम, कॉन्स्टँटिनोपल: या शहरांच्या गच्च्या हीच आपली वाट होती, गर्दी हे आपले लपण्याचे ठिकाण होते आणि एकेका भिंतीची पकड शोधत वर चढणे हाच अर्धा खेळ होता. पुढे देशच्या देश आले, अंतरे घोड्यावरून कापायची झाली, भिंती विरळ झाल्या आणि कोणत्याही कड्यावर सहज चढता येऊ लागले. त्यात काहीतरी हरवले हे खरे. मात्र इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्याच विस्ताराने असे काही दिले, जे शहर देऊ शकले नसते. नाईलकाठची शेते, पपायरसची बेटे, वाळूत अर्धी गाडलेली देवळे, दिवसा कामावर जाणारे आणि रात्री झोपणारे लोक. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘ओरिजिन्स’मध्ये ‘डिस्कव्हरी टूर’ आली, तेव्हा सगळी हाणामारी काढून टाकून त्याच भूमीत ७५ मार्गदर्शित फेऱ्या करता येऊ लागल्या. ममी कशी तयार करत, बिअर कशी गाळत, अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय कसे असावे हे मी माझ्या पुतणीला त्यातूनच दाखवले. ती तेव्हा सहावीत होती, आणि पिरॅमिडच्या आतील वाट चालताना तिने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

(भारताचा विषय निघेलच, म्हणून सांगतो: २०१६ चा ‘क्रॉनिकल्स: इंडिया’ हा १८४१ मधील शीख साम्राज्य आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या पार्श्वभूमीवरचा होता, परंतु तो बाजूने दिसणारा छोटा खेळ आहे. या चर्चेतील खुल्या जगाशी त्याचा संबंध नाही.)

---

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. इतकी सविस्तर उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते.

तांडेल, ‘जॅकडॉ’विषयी तुम्ही लिहिलेले वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो, कारण ते निरुत्तर करणारे आहे. ती दुर्बीण, तो हिशेब, ते पळ काढणे हे सगळे मी केले आहे आणि त्याला आरपीजी म्हणावे हे मला कधी सुचले नाही. तरी तुम्हीच दिलेल्या कारणापाशी मी परत येतो. लाकडाच्या जहाजावर शंभर गोळे बसले तरी ते तरंगत राहते हे मी मानतो, पण माणसाचा गळा तसा नाही. लेव्हल असाव्यात, पण त्या हत्येपर्यंत पोचण्याच्या वाटेत असाव्यात, असे मला वाटते. पहारा कडक असो, तटबंदी उंच असो, माझ्याकडची साधने कमी असोत. एकदा मी त्या माणसाच्या पाठीशी पोचलो, की निकाल लागलेला असावा.

काल बखरवाचक यांच्या प्रतिसादातील ‘रात्री झोपणारे लोक’ हे शब्द वाचून मी पुन्हा त्याच छावणीकडे गेलो. आधी दिवसभर लांबून पाहत राहिलो, मग रात्र होऊ दिली. शेकोट्या पेटल्या, निम्मे शिपाई तंबूंत जाऊन झोपले आणि फेऱ्या घालणारे दोघेच उरले. नायकाला हात न लावता मी आतला माल काढून बाहेर आलो. पहिल्या भागात बाकावर बसून दोन माणसांचे बोलणे चोरून ऐकताना जसे वाटे, तसे काल फार वर्षांनी वाटले.

आता एकच विचारतो. यापुढच्या भागांत हिडन ब्लेडचे काय झाले?

---

गवाक्ष

उंबरठा, ‘लेव्हल असाव्यात, पण वाटेत असाव्यात’ हे तुमचे वाक्य मी मनात जपून ठेवणार आहे, कारण पुढची सात-आठ वर्षे ही मालिका याच उत्तराकडे सरकत गेली आहे.

‘ओडिसी’त हिडन ब्लेड नाहीच, लिओनायडसच्या भाल्याचे टोक त्याची जागा घेते. तिथे योद्धा, शिकारी आणि मारेकरी अशा तीन शाखा आहेत. तुम्ही मारेकऱ्याची शाखा धरून चिलखतही त्यानुसार निवडले तर एका घावात हत्या जमते, पण तुमच्याबरोबर शत्रूंच्याही लेव्हल चढत असल्यामुळे ते गणित सतत सांभाळावे लागते. तुमच्या स्वभावाला ते मानवेल असे मला वाटत नाही. २०२० च्या ‘व्हॅल्हाला’त पाते परत आले. त्या भागाची नायिका एइवोर ते मनगटाच्या वरच्या बाजूला उघड बांधते, आणि हत्या हमखास व्हावी असा पर्याय सेटिंगमध्ये दिलेला आहे. तो सुरू करा आणि मगच खेळा. बखरवाचक यांच्यासाठी सांगतो, नागरिकांना मारले की स्मृती तुटण्याची जुनी शिक्षाही तिथे परत आली आहे.

२०२३ चा ‘मिराज’ आधी ‘व्हॅल्हाला’चा जोडभाग म्हणून सुरू झाला होता. बोर्दोच्या स्टुडिओने त्याचा स्वतंत्र खेळ केला. नवव्या शतकातील बगदाद, पुन्हा एकच दाट शहर, गच्च्या, गर्दी, भिंतीवरची आपली चित्रे फाडून बदनामी कमी करणे, आणि लेव्हल मुळीच नाहीत. पाते लागले की माणूस मरतो. कथा फार खोल नाही आणि तलवारबाजी यथातथाच आहे, परंतु तुम्ही सोडून गेलात तो खेळ तुम्हाला हवा असेल तर तो इथे आहे.

मार्च २०२५ मधील ‘शॅडोज’ने हा प्रश्न दोन माणसांत वाटून टाकला. इगा प्रांतातील नाओए अंधारातून जाते, दिवे विझवते, जमिनीवर सरपटते. सामुराई यासुके दरवाजा तोडून आत शिरतो. आरपीजीचा सगळा पसारा कायम आहे, पण हमखास हत्येचा पर्यायही कायम आहे.

---

बखरवाचक

‘शॅडोज’विषयी एक भर. त्यात ‘कॅनन मोड’ नावाचा पर्याय आहे. तो निवडला की संवादांतील निवडी आपल्यापुढे येतच नाहीत, कथा आपोआप ठरलेल्या वाटेने जाते. मी तोच सुरू करून खेळलो. नाओए काय बोलली हे मला ठरवायचे नव्हते, ती काय बोलली होती हे मला ऐकायचे होते.

---

तांडेल

उंबरठा, बगदादला जाण्याची घाई करू नका. ‘ओरिजिन्स’ पूर्ण करा. त्यात पुढे आयाबरोबर भूमध्य समुद्रावर जहाज चालवायचे प्रसंग आहेत, मोजकेच आहेत, पण शिडात वारा भरतो तेव्हाचा आवाज तुम्हाला ओळखीचा वाटेल. आणि त्या नायकाला सोडू नका. पाते दोनदा सुधारून घ्या, पुन्हा रात्रीच जा, आणि आधी सेनूला वर पाठवून तो कोणत्या तंबूत झोपतो ते पाहून ठेवा.